एक टँक, सहा वर्षं, तीन साप: पहिला साप निवडताना मी काय शिकले

माझ्या टेबलाशेजारी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच असा काचेचा टँक सहा वर्षांपासून आहे. समोर दोन सरकती दारं, वर बारीक जाळी. विकणारे याला 'मध्यम' म्हणतात. या सहा वर्षांत त्यात दोन साप राहून गेले आणि तिसरी आत्ता आत आहे. हा अभिप्राय टँकचाही आहे आणि सापांचाही, कारण दोन्ही वेगवेगळे निवडायची चूक मी केली होती आणि ती सुधारायला मला तीन वर्षं लागली.

निकाल आधीच सांगते. पहिला साप म्हणून कॉर्न स्नेकइतका समजूतदार प्राणी मी दुसरा पाहिला नाही, पण तो या टँकमध्ये जन्मभर मावत नाही. बॉल पायथनचा नर या टँकमध्ये जेमतेम ठेवता येतो, पण नवख्या माणसाला तो दमवतो. या मापाच्या टँकला खरोखर शोभली ती केनियन सँड बोआ.

सुरुवात माझ्या भाच्यापासून झाली. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि सापांची चित्रं काढून वह्या भरत होता. ताईने घरी साप आणायला ठाम नकार दिला, तेव्हा तो माझ्याकडे आला. "मावशी, तुझ्याकडे ठेवू, मी रोज येईन." मी हो म्हटलं, पण सहा महिने थांबून आधी वाचायचं अशी अट घातली. आम्ही वाचलंही पुष्कळ. तरी एक प्रश्न विचारायचा राहिला: हे पिल्लू तीन वर्षांनी केवढं होईल, आणि तेव्हा ते कुठे राहील?

आमची कॉर्न स्नेक, केशर, घरी आली तेव्हा पेन्सिलीएवढी जाड आणि २८ सेंटिमीटर लांब होती. वजन ८ ग्रॅम. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, धामणीसारखा सडपातळ. पोटाकडची काळी-पांढरी चौकट मक्याच्या रंगीत कणसासारखी दिसते, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पाठीवर केशरी रंग आणि काळ्या काठाचे तांबडे ठिपके. इतका देखणा साप आणि इतका नेमस्त, की तो नवख्या माणसाला का सुचवतात ते पहिल्या महिन्यातच कळलं. आठवड्याला एक पिंकी, म्हणजे उंदराचं केस न फुटलेलं पिल्लू, चिमट्याने पुढे धरलं की दोन सेकंदांत पकडायची. हातात घेतलं की बोटांमधून वाहत राहायची. चावली एकदाच, तीही माझ्या हाताला उंदराचा वास होता म्हणून, आणि ते ओरखडा उमटण्याइतकंच होतं.

टँकच्या दारांचा दोष मात्र पहिल्या वर्षीच दिसला. सरकत्या काचा जिथे एकमेकींवरून जातात तिथे उभी फट राहते. माझ्या टँकमध्ये ती साधारण ५ मिलिमीटरची आहे. मोठ्या सापाला तिचा काही उपयोग नाही, पेन्सिलीएवढ्या पिल्लाला पुरते. पाचव्या महिन्यात एका सकाळी टँक रिकामा होता. सापाचं डोकं जिथून जातं तिथून बाकीचं अंगही जातं, हे वाचलेलं होतं; तरी त्या फटीकडे मी कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. तीन रात्री भिंतींच्या कडेने पिठाची पातळ रेघ ओढून ठेवली, म्हणजे ती कुठून गेली ते कळेल. तिसऱ्या पहाटे रेघ फ्रिजच्या मागे मोडलेली दिसली. कॉम्प्रेसरच्या उबेला वेटोळं घालून बसली होती, धुळीने माखलेली, पण धडधाकट. भाचा त्या तीन दिवसांत नीट जेवला नव्हता. ती सापडल्यावर रडला, आणि मग फटीत बसवायची पारदर्शक रबरी पट्टी स्वतः मापून कापली.

म्हणून पिल्लू घेणार असाल तर पहिले आठ-दहा महिने त्याला घट्ट झाकणाच्या, भोकं पाडलेल्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. आणखी एक कारण आहे. मोठ्या मोकळ्या जागेत पिल्लू बिथरतं आणि खाणं सोडतं. मोठा टँक द्यायचाच असेल तर तो लपणांनी आणि पानांनी इतका भरा, की पिल्लाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघड्यावर न येता जाता आलं पाहिजे. आम्ही टँक जवळजवळ मोकळा ठेवला होता. केशर त्यात पहिले दोन आठवडे काही न खाता राहिली ती त्यामुळेच.

मग ती वाढली. वर्षाची असताना साधारण ६० सेंटिमीटर, दोन वर्षांची असताना ९०, तीन वर्षांची झाली तेव्हा ११८. टँकच्या तळाचा कर्ण मोजला तर शंभर सेंटिमीटर भरतो. म्हणजे तिला त्या टँकमध्ये कुठल्याच दिशेने पूर्ण सरळ होता येत नव्हतं. साप वेटोळं करूनच राहतो, त्याला सरळ व्हायची गरज नसते, असं मला एका विक्रेत्याने सांगितलं होतं. आपला साप रात्री दिवे मालवल्यावर काय करतो ते पाहिलं की हे पटत नाही. केशर रात्रभर समोरच्या काचेला नाक घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. आधी मला वाटलं भूक असेल. खाणं वाढवलं, काही फरक पडला नाही. मग तिच्या नाकपुडीवरचा खवला झिजून लालसर झालेला दिसला आणि मी त्याच आठवड्यात मोठ्या टँकचं बघायला लागले.

आता ती ताईकडे १२० बाय ६० बाय ६० च्या टँकमध्ये आहे. ताईचा विरोध कसा मावळला ती गोष्ट वेगळी, पण केशर तिच्या मनगटाभोवती गुंडाळून बसते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नाक बरं झालं. काच घासणं पहिल्या महिन्यातच थांबलं. कॉर्न स्नेक सांभाळलेल्या अवस्थेत १५ ते २० वर्षं जगतो, म्हणजे अकराव्या वर्षी साप घेतलेला मुलगा तिशीला टेकेपर्यंत. ही गोष्ट साप घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मोठ्याने बोलून घ्यावी.

मापाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. लिटरवर जाऊ नका. माझा टँक १८२ लिटरचा आहे. तोच उभा केला तरी १८२ लिटरच राहील, पण तळ निम्मा होईल. जमिनीवर राहणाऱ्या सापाला तळ लागतो. टँकची लांबी निदान पूर्ण वाढलेल्या सापाच्या लांबीएवढी असावी, हा नियम मी आता पाळते. जुन्या पुस्तकांत यापेक्षा बऱ्याच लहान पेट्या चालतील असं लिहिलेलं सापडतं. त्यात साप जगतो हे खरं आहे. मी केशरचं नाक पाहिलं आहे, म्हणून मला ते पुरेसं वाटत नाही.

केशर गेल्यावर टँक रिकामा होता, तेव्हा एका सहकाऱ्याला काही महिन्यांसाठी बाहेर जायचं होतं. त्याचा बॉल पायथन चार महिने माझ्याकडे राहिला. नर, ९५ सेंटिमीटर, वजन १,१८० ग्रॅम. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान अजगर. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडू होतो. अंगाने जाड, चालीने संथ, हातात घेतला की गार, जड पिशवीसारखा स्थिर बसतो. ज्यांना सापाच्या चपळाईची भीती वाटते त्यांना तो लगेच आवडतो, आणि मलाही आवडला. त्याच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात. अंधारात ऊबदार उंदराचा माग तो त्यांनीच काढतो, म्हणून गोठवलेला उंदीर नीट गरम केलेला नसेल तर तो ढुंकूनही पाहत नाही.

त्याला दोन गोष्टी लागतात, आणि त्या दोन्हींमध्ये माझा टँक आणि मी कमी पडलो. पहिली आर्द्रता. त्याला हवेत ६० ते ८० टक्के ओल हवी. माझ्या टँकची सबंध जाळी वर उघडी, तिच्यावर हीटर, त्यामुळे ओल तासाभरात उडून जायची. मापक ३५ दाखवायचा. पहिल्या खेपेला त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि एका डोळ्यावरची चकती तशीच राहिली. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तो कातीबरोबरच निघायला हवा. नखाने किंवा चिमट्याने तो काढायला जाऊ नका, डोळा जाऊ शकतो. मी जाळीचा दोन तृतीयांश भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकला, भुसा काढून नारळाच्या काथ्याचा जाड थर घातला, एका लपणात ओलं शेवाळ ठेवलं. पुढच्या खेपेला कात मोज्यासारखी अखंड उतरली आणि दोन्ही चकत्या तिच्यात होत्या. तो दिवस मला अजून आठवतो.

दुसरी गोष्ट उपवास. तो माझ्याकडे सात आठवडे काही खायला तयार नव्हता. मी दर रविवारी त्याला डिजिटल काट्यावर तोलायची. ११८० वरून ११२० वर आला, म्हणजे पाच टक्के. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं नाही आणि साप सुस्त किंवा आजारी दिसत नाही, तोवर प्रौढ बॉल पायथनचा उपवास हे संकट नसतं. पण हे माहीत असूनही प्रत्येक नाकारलेल्या उंदरानंतर माझी झोप उडायची. पहिल्यांदाच साप पाळणाऱ्या माणसाला हे झेपेल का, ते त्याने प्रामाणिकपणे स्वतःला विचारावं. शिवाय मादी १२० ते १५० सेंटिमीटरपर्यंत जाते, तेव्हा या टँकचा विषयच संपतो. आणि आयुष्य २० ते ३० वर्षं. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये साठी ओलांडल्यानंतर अंडी घातली होती.

सहकारी परत आला, पायथन गेला, आणि मी पहिल्यांदाच शहाण्यासारखी वागले. आधी टँककडे पाहिलं. तळ ९० बाय ४५. वर सगळी जाळी, म्हणजे हवा कोरडी. उष्णता वरून. दाराची चौकट खालून १५ सेंटिमीटर उंच, म्हणजे आत जाड थर भरता येतो. मग प्रश्न उलटा विचारला: असं घर कुणाला आवडेल?

केनियन सँड बोआ पूर्व आफ्रिकेतली, आपल्या मांडुळाच्या जवळची नातेवाईक. बोथट डोकं, आखूड शेपूट, मधलं अंग आखूड आणि जाड. नर साधारण ४० ते ५० सेंटिमीटर, मादी ६० ते ८०. म्हणजे पूर्ण वाढलेली मादीसुद्धा ९० च्या टँकमध्ये सरळ पडू शकते. हवा कोरडी लागते. बॉल पायथनला जी जाळी नको होती, तीच हिच्या सोयीची. मी वर्षभराची, ३५ सेंटिमीटरची मादी घेतली. तपकिरी आणि नारिंगी डागांची ती वाळूत बसली की मातीच्या ढेकळासारखी दिसायची, म्हणून भाच्याने तिचं नाव ढेकूळ ठेवलं. आता ती सव्वातीन वर्षांची आहे, ६० सेंटिमीटर, २४० ग्रॅम.

तिच्यासाठी टँकमध्ये १० सेंटिमीटर थर घातला: ॲस्पेन या झाडाचा बारीक भुसा. वाळू आणि माती मिसळूनही काही जण घालतात. देवदाराचा म्हणजे सीडरचा भुसा कुठल्याच सापाला घालू नका, त्यातली तेलं विषारी असतात. ढेकूळ त्या थरात पोहते. दिवसभर ती दिसत नाही. अंधार पडल्यावर भुशात दोन काळे मणी उमटतात. डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असल्यामुळे बाकी सगळं अंग पुरून ती नुसतं पाहत राहते. उंदीर चिमट्याने थराच्या जरा वर हलवला की ती बाजूच्या बाजूला झडप घालते, इतकी अचानक की मी अजून दचकते.

ती माझ्यासाठी आदर्श निघाली, पण ती सगळ्यांसाठी नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. साप बघायला मिळावा म्हणून टँक घेणार असाल, तर आठवड्यातले कित्येक दिवस तुम्ही भुसा बघत बसाल. भाच्याला पहिल्या महिन्यात हेच जड गेलं. केशर फांदीवर चढायची, पाण्यात डुंबायची, काचेपाशी यायची. ढेकूळ यातलं काही करत नाही. हातात घेतली की बोटांच्या फटीत डोकं खुपसून पुरून घ्यायला बघते. तिला उचलताना वरून न पकडता खालून भुशासकट तळवा घालून उचलावं. मग ती शांत असते.

तिच्याबाबतीत दोन धोके असे आहेत की ते आधी माहीत असायलाच हवेत. पहिला, टँकखाली चिकटवायचं हीट मॅट. साप ऊब शोधत खाली जातो, थर खणतो आणि थेट तापलेल्या काचेवर पोट टेकवतो. केशरच्या काळात माझ्याकडे असंच एक मॅट होतं, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राशिवाय विकलेलं. तापमापकाचा प्रोब, म्हणजे तारेचं मोजणारं टोक, काचेवर ठेवून पाहिलं तर ४६ अंश. सापाला भाजत असलं तरी तो तिथून पटकन हलत नाही. पोटाचे खवले करपेपर्यंत पडून राहतो. ते मॅट मी त्याच दिवशी काढलं. आता जाळीवर सिरॅमिक हीटर आहे, थर्मोस्टॅटला जोडलेला. गरम बाजूला पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश, थंड बाजूला २५ च्या आसपास, रात्री आणखी थोडं कमी. कॉर्न स्नेकला गरम बाजूला २९ ते ३१ पुरतं. माझ्याकडे डायलचा मापक होता तो चार अंश चुकीचा निघाला. प्रोबचे दोन डिजिटल मापक घ्या, एक इकडे, एक तिकडे. टँकपेक्षा थर्मोस्टॅट महत्त्वाचा. पैसे कमी पडत असतील तर शोभेची झाडं आणि मागचं चित्र सोडा.

दुसरा धोका दगडांचा. जड दगड किंवा पाण्याचं जड भांडं भुशावर ठेवलं, की खणणारा साप त्याच्याखाली जातो आणि ते त्याच्यावर बसतं. दगड आधी थेट काचेच्या तळावर ठेवा, मग त्याच्याभोवती थर भरा. ही गोष्ट मला एका अनुभवी माणसाने सांगितली, नाहीतर माझ्या हातून ती चूक झाली असती.

बाकीचे पर्याय मी पाहिले आणि सोडले. कॅलिफोर्निया किंगस्नेक देखणा आहे, खादाडही आहे, पण पिल्लं चिडकी असतात आणि घाबरली की घाण वास सोडतात. तो इतर साप खातो, अगदी आपल्याच जातीचे. तशी गरज कुठल्याच सापाला नाही, सोबतीची. एका टँकमध्ये एकच साप, हा नियम सगळ्यांना लागू. वेस्टर्न हॉगनोज या मापात छान बसतो आणि घाबरल्यावर उताणा पडून, जीभ बाहेर काढून मेल्याचं जे सोंग करतो ते पाहण्यासारखं असतं. पण त्याच्या मागच्या दातांतून सौम्य विष जातं. जीव जात नाही, हात मात्र सुजू शकतो. काही पिल्लं उंदीर ओळखायलाच तयार होत नाहीत, कारण रानात त्यांचं मुख्य खाणं बेडूक. दुसरा साप म्हणून जरूर घ्या. रोझी बोआ मी स्वतः सांभाळलेली नाही, पण माप, संथपणा आणि कोरडी हवा या तिन्ही गोष्टींत ती सँड बोआच्या बरोबरीची आहे आणि ती बाहेर जास्त दिसते. ढेकूळ मिळाली नसती तर मी तीच घेतली असती.

खाण्याबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून थोडं सविस्तर. गोठवलेले उंदीर घ्या. जिवंत उंदीर कोपऱ्यात सापडला की सापाला चावतो, आणि ती जखम वाईट असते. उंदीर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या भागात उतरवायचा, सकाळी पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा, पूर्ण सुटला की शेवटी थोड्या जास्त गरम पाण्यात, म्हणजे अंगाची ऊब परत येते. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही; बाहेरून कोमट आणि आतून शिजलेला, किंवा उलट, असं होतं. जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी, प्रौढाला दहा ते चौदा दिवसांनी. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. भाच्याने एकदा तिसऱ्याच तासाला केशरला मित्राला दाखवायला उचललं आणि तिने उंदीर ओकला. मग दोन आठवडे पोटाला विश्रांती देऊन अगदी लहान पिंकीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. साप हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. सापांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर याकडे जास्तच लक्ष हवं.

साप कुठून घ्यावा? मी फक्त पैदास करणाऱ्याकडून, बंदिवासात जन्मलेला आणि कागदपत्रं असलेलाच साप घेतला. सगळे अजगर आणि बोआ 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यामुळे त्यांच्या व्यापारावर बंधनं आहेत. तुम्ही राहता तिथला वन्यजीव कायदा आधी वाचा. काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी साप पाळायलाच बंदी असते, आणि बंदी असेल तर तिथे हा विषय संपला. रानातून पकडलेला साप कधीच घेऊ नका. तो गोचिड्या आणि पोटातले जंत घेऊन येतो, खात नाही, आणि ती जागा त्याची नसते.

ढेकूळ घेताना मी विकणाऱ्याला म्हटलं, माझ्यासमोर तिला खाऊ घाला. त्याने आनंदाने घातलं. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून उठून यावं. शेवटच्या चार जेवणांच्या तारखा, वजन, नर की मादी, हे त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. मी स्वतः बघितलं ते असं: श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज नाही, तोंडाशी बुडबुडे नाहीत, डोळ्यांभोवती आणि हनुवटीच्या घडीत मिरीच्या पुडीसारखे हलणारे काळे कण नाहीत. ते कण म्हणजे माइट्स, सापाच्या अंगावर राहणारे बारीक परजीवी. एकदा घरात आल्या की महिनाभर छळतात.

टँकबद्दल शेवटचं. समोरून उघडणारी दारं मला पुन्हा घ्यायची झाली तरी हवीच आहेत. वरून हात आला की साप घाबरतो, शिकारी पक्षी वरूनच येतो ना; समोरून हात आत गेला की केशरही आणि ढेकूळही शांत राहतात. दारांना कुलूप स्वतंत्र घ्यावं लागलं, ते टँकबरोबरच द्यायला हवं होतं. सरकण्याच्या खाचेत भुसा अडकतो, दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने काढावा लागतो. जाळी सहा वर्षांत गंजलेली नाही. काच एका कोपऱ्यात ओरखडली आहे, ती केशरच्या फांदीने.

पुढच्या आठवड्यात भाचा शिकायला दुसऱ्या गावी जातोय. काल संध्याकाळी तो ढेकळाच्या जेवणाच्या नोंदींची वही मला देऊन गेला, सहा वर्षांतली तिसरी वही. शेवटच्या पानावर त्याने पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा आखून ठेवल्यात आणि खाली लिहिलंय: "मावशी, वजन रविवारीच कर, आणि मला फोटो पाठव, डोळे दिसत असतील तेव्हाचा."